वस्ती असलेल्या गुहाग्रामाचा शाश्वत विकास : कंदोवानच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

गुहा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अजिंठा-वेरूळची लेणी उभी राहतात. तेथील भिक्षूंचा निवास कधीच संपला. उरली ती शिल्पे आणि चित्रे. त्यामुळे लेण्यांच्या जतनाचा प्रश्न मुख्यतः दगडाचा व रंगाचा आहे. इराणच्या पूर्व अझरबैजान प्रांतातील कंदोवान या गावाची गोष्ट वेगळी आहे. सहंद ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाचे सुळके कोरून तयार केलेल्या घरांत तेथे आजही कुटुंबे राहतात. अशा गावाच्या संदर्भात ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा कोणत्या अर्थाने वापरली जाते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घर आणि उपजीविका

कंदोवानच्या घराची रचना उपजीविकेतून आली आहे. पारंपरिक घरात खालचा मजला जनावरांचा आणि वरचे मजले माणसांचे असतात. जाड खडकामुळे घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहते, म्हणून इंधन कमी लागते. मात्र या रचनेला मर्यादाही आहे. कुटुंब वाढले तरी सुळका वाढत नाही. नवी खोली कोरावी तर भिंत दुबळी होण्याचे भय असते. त्यामुळे नव्या पिढीचे घर कोठे व्हावे, हाच तेथील विकासाचा पहिला प्रश्न ठरतो. पर्यटनविषयक लेखनात मात्र तो क्वचितच अग्रभागी येतो.

पर्यटनाची बाजू

खडकात कोरलेले आलिशान हॉटेल येथे 2007 च्या सुमारास सुरू झाले. पुढे 2023 मध्ये जागतिक पर्यटन संघटनेच्या सर्वोत्तम पर्यटन ग्रामांच्या यादीत कंदोवानचा समावेश झाला. मध, सुकामेवा, वनौषधी यांना दारातच गिऱ्हाईक मिळते, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याच्या घराचे छायाचित्र घेतले जाते आणि ज्याला उत्पन्न मिळते, ती व्यक्ती एकच असेल असे नाही. खासगी अंगण प्रेक्षणीय स्थळ झाले की तेथे राहण्याची किंमत रहिवाशालाच मोजावी लागते.

दोन तुलना

इटलीतील मातेरा येथे 1952 च्या कायद्यानंतर आरोग्याच्या कारणास्तव सुमारे 15,000 लोकांना गुहाघरांतून हलविण्यात आले. त्या रिकाम्या वस्तीला 1993 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि 2019 मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले. दगड वाचला, पूर्वीचा समाज मात्र तेथे पुन्हा तसाच नांदला नाही. तथापि त्या घरांतील दारिद्र्य व रोगराई खरी होती, हे विसरून गुहाजीवनाचे उदात्तीकरण करणेही अन्यायाचे होईल.

इराणच्याच केरमान प्रांतातील मेमंदला हा दर्जा 2015 मध्ये मिळाला, तो केवळ गुहांसाठी नव्हे, तर सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. तेथील पशुपालक वसंत व शरद ऋतूंत डोंगरकुरणांवरील तात्पुरत्या वस्त्यांत राहतात आणि हिवाळ्यात गुहाघरांत उतरतात. येथे कुरण, पाणी आणि घर यांना एकत्र मोजले गेले, हे वैचारिकदृष्ट्या मोठे पाऊल होय. परंतु कळप घटले तर ऋतुमानानुसार होणारे हे स्थलांतर केवळ नामफलकावर उरेल. सन्मानपत्राने कुरण हिरवे होत नाही.

निष्कर्ष

ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये मांडलेल्या व्याख्येत भावी पिढ्यांच्या गरजांना मध्यवर्ती स्थान आहे. गुहाग्रामात ही भावी पिढी अमूर्त नाही; ती गावातील मुले आहेत. म्हणून पर्यटकांची संख्या वा दर्शनी भागाची डागडुजी हे विकासाचे निकष पुरेसे नाहीत. वर्षभर किती घरांत चूल पेटते, उत्पन्नाचा किती वाटा गावात राहतो आणि बांधकामाच्या नियमांवर रहिवाशांचे मत किती चालते, हे तीन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर सुळके उभे राहतील, पण गावाचे लेणे होईल.