ऐकणाऱ्यावर विश्वास ठेवा

एका गाजलेल्या मराठी कादंबरीचं ऑडिओबुक नुकतंच ऐकायला घेतलं आणि निम्म्यावर बंद केलं. वाचणारा नट चांगला होता. पण पाऊस आला म्हणताच पाऊस वाजायचा, दार उघडलं की बिजागरी कुरकुरायची आणि कुणी गेल्याची बातमी यायच्या आधीच व्हायोलिन रडायला लागायचं. लेखकानं ती बातमी मुद्दाम एका कोरड्या वाक्यात दिली आहे. सगळा घाव त्या कोरडेपणात आहे आणि व्हायोलिननं तो आधीच बोथट करून टाकला.

हा रोग एकट्या ऑडिओबुकाचा नाही. व्यावसायिक नाटकात नेपथ्याच्या जागी एलईडीचे पडदे येऊ लागलेत. आज प्रत्येक माध्यमाला सिनेमा व्हायचंय आणि तोही मोठ्या बजेटचा. खुद्द मराठी सिनेमानं मात्र ‘कोर्ट’मध्ये (2014) कॅमेरा एका जागी ठेवून, बघणाऱ्याला हवं तिथं बघू देऊन वेगळी वाट दाखवली होती. त्या वाटेनं फार थोडे गेले. वेबमालिकांचं लेखन सुधारलंय, पण दर भागाच्या शेवटी उत्कंठा ताणायची सक्ती कथेला स्वस्थ बसू देत नाही. दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकांवर जागा घालवायची माझी तयारी नाही.

मला बोलायचंय ते माणसानं माणसाला समोर बसून सांगितलेल्या गोष्टीबद्दल. शंकर पाटलांची ‘धिंड’ त्यांच्याच आवाजात ऐका. साथीला वाद्य नाही, नाट्यमय हुंदके नाहीत. गावच्या बोलीत ते सांगत जातात आणि गाढव, दारू प्यालेला गडी, मागून जाणारं गाव हे सगळं ऐकणारा स्वतः उभं करतो. द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्याबरोबर त्यांनी गावोगाव कथाकथनं केली आणि लोकांनी गर्दी केली ती या स्वतः उभं करण्याच्या आनंदासाठीच. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न माणसं व्हायचे. बावन्न वेष आणले असते तर ती माणसं आपल्याला दिसलीच नसती.

आणि दशावतार. तळकोकणातल्या देवळासमोर मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. संहिता लिहिलेली नसते. कुठलं आख्यान लावायचं हे ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. ते बाकडं आधी सिंहासन असतं, मग डोंगर होतं आणि रात्र सरत आली की रथ. स्त्रीपात्र पुरुषच रंगवतो. पदर सावरून तो सावित्रीचा विलाप करू लागला की समोर बसलेल्या बाया खरोखर डोळे पुसतात. राक्षस प्रेक्षकांतून आरोळी ठोकत येतो, तेव्हा आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं दचकून उठतात. हे सगळं कुठल्याही ध्वनियंत्रणेच्या ताकदीचं आहे आणि त्यात गावानं कल्पनेची भर घातलेली आहे.

2025 साली आलेल्या ‘दशावतार’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी जे केलं त्याला तोड नाही. पण तो बघून दशावतार पाहिला असं समजणाऱ्यांना सांगायला हवं, की तिथं कुठं बघायचं ते दिग्दर्शकानं ठरवून दिलंय. देवळासमोर तुम्ही ठरवता.

साधनांना माझा विरोध आहे, असा आक्षेप येईल. नाही. ‘संगीत देवबाभळी’चं नेपथ्य देखणं आहे, संगीत तर त्या नाटकाचा प्राण आहे. पण प्राजक्त देशमुखांनी मध्यभागी ठेवल्या आहेत दोन बायका: पायात काटा रुतलेली, विठ्ठलावर संतापलेली तुकारामांची बायको आवली आणि तिची सेवा करायला वेषांतर करून आलेली रखुमाई. विठ्ठल रंगमंचावर येत नाही. तो प्रत्येक प्रेक्षक आपापला आणतो. उद्या कुणी तिथं पडद्यावर विटेवरचा विठ्ठल झळकवला, तर नाटक तिथंच संपेल.

ऐकणाऱ्याला कळणार नाही, तो कंटाळेल, मोबाईल काढेल, ही निर्मात्यांची भीती मला अपमानास्पद वाटते. रात्रभर उघड्यावर बसून आख्यान ऐकणारा, कीर्तनात पूर्वरंगाचं निरूपण पचवून उत्तररंगाची वाट बघणारा हा समाज आहे. त्याला लहान मूल समजून भरवणं थांबवा. ऑडिओबुकं काढणाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढची कादंबरी नुसत्या आवाजात काढा, एकही सूर न लावता. आणि वाचकांनो, त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास तळकोकणात जत्रा सुरू होतात. एका रात्रीचा दशावतार पाहायला जा आणि पहाटेपर्यंत उठू नका.