व्हिक्टोरियाकालीन बालचित्रपुस्तकें : अस्सल कोणतें?

इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत (इ. स. १८३७–१९०१) निघालेल्या सचित्र बालपुस्तकांचा इतिहास सांगतांना टेनियल, वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॅल्डिकॉट व केट ग्रीनवे या चित्रकारांचीं नांवें प्रथम येतात. तें यथायोग्यच आहे. परंतु छापील चित्र म्हणजे चित्रकाराच्या हातचें अस्सलच, असें धरून त्याच्या रेषेचे गुणदोष ठरविण्याचा प्रघात मात्र साधार नाहीं.

लुइस कॅरलच्या 'अ‍ॅलिस'चेंच उदाहरण घेऊं. त्यांतील टेनियलचीं ४२ चित्रें डॅल्झिएल बंधूंनीं लांकडी ठशांवर कोरलीं. आकृति ठशावर काढावयाची, रेषा उंच राखावयाच्या व मधलें लांकूड कोरून टाकावयाचें, अशी ती रीत. कोरणी फिरली कीं ठशावरील मूळ रेखन नाहींसें झालें. पुढें १८६५ सालीं ऑक्सफर्ड येथें निघालेल्या २,००० प्रतींची छपाई टेनियलला पसंत पडली नाहीं. सबब ती आवृत्ति मागें घेऊन पुस्तक दुसऱ्या छापखान्यांत फिरून छापावें लागलें. चित्रें तींच, पण केवळ छपाईपायीं आवृत्ति रद्द झाली!

रंगीत पुस्तकांत हा परकीय हात अधिकच ठळक दिसतो. क्रेन, कॅल्डिकॉट व ग्रीनवे या तिघांचींहि प्रसिद्ध पुस्तकें लंडनच्या एडमंड इव्हान्सनें (१८२६–१९०५) कोरविलीं व छापिलीं. कॅल्डिकॉटचीं १८७८ ते १८८५ पर्यंत प्रतिवर्षीं दोन, एकूण १६ पुस्तकें निघालीं. त्याचें शाईचें चित्र छायाचित्रानें ठशावर उतरवीत. छापलेल्या नमुन्यावर तो रंग भरी. आणि ते रंग कमींत कमी किती ठशांनीं साधतील हें इव्हान्स ठरवी. १८७९ सालीं ग्रीनवेच्या पहिल्या पुस्तकाच्या २०,००० प्रती त्यानें एकदम छापल्या. प्रकाशकाला हें साहस वाटलें, पण त्या हातोहात खपल्या.

तथापि सर्व श्रेय मुद्रकास देणेंहि चुकीचें होईल. छापणारा एकच असतां क्रेनचें पान नक्षीनें भरलेलें, तर कॅल्डिकॉटचें मोकळें. चार रेषांत घोडा उधळतो व बाकीचा कागद कोराच राहतो. हा संयम निःसंशय चित्रकाराचा. ग्रीनवेच्या मुलांचे चेहरे एकसारखे व देह ताठर आहेत, हा दोषहि तिचाच. परंतु तो झांकणारी रंगांची सौम्यता केवळ तिच्या कुंचल्याची नव्हे.

१९८५ सालीं 'अ‍ॅलिस'चे मूळ ठसे लंडनच्या एका बँकेच्या तळघरांत सांपडले. ते अमोल आहेत. पण त्यांवरील रेषा कोरणाराच्या आहेत, हें विसरतां कामा नये. कॅल्डिकॉटचीं शाईचीं मूळ चित्रें मात्र पुष्कळ उपलब्ध आहेत. त्यांशीं छापील पान ताडून पाहिल्यावांचून त्याच्या रेषेविषयीं निर्णय देऊं नये.

सारांश, मांडणी व कल्पना चित्रकाराच्या, रेषेची धार कोरणाराची, छटा मुद्रकाची. नकलेवरून अस्सलाची पारख करणाऱ्या संशोधकानें नक्कल कोणीं केली हें आधीं विचारावें, हा दफ्तरांतील नियम चित्रांसहि लागू आहे.