कल्याणकारी राज्य : मोजपट्टी कोणाची?

डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ कल्याणकारी राज्याच्या चर्चेत आजही प्रमाण मानला जातो. १८ भांडवलशाही देश तपासून त्यांनी तीन नमुने मांडले. अमेरिकेचा उदारमतवादी : गरिबाने आधी आपली गरिबी सिद्ध करायची, मग मदत. जर्मनीचा, बिस्मार्कने १८८३ साली सुरू केलेल्या कामगार विम्यातून वाढलेला : जशी नोकरी तसे संरक्षण. आणि स्वीडनचा : नागरिक म्हणूनच हक्क. लेखकाचा कल तिसऱ्याकडे आहे आणि तो रास्त आहे. दया नको, हक्क हवा, ही भाषा आपल्याला नवी नाही.

आमचा मतभेद आहे तो मोजपट्टीशी. आजारपणात, म्हातारपणात, बेकारीत माणसाला आपले श्रम बाजारात न विकता कितपत जगता येते, यावर ते राज्याला गुण देतात. ही पट्टी युरोपातल्या कामगाराच्या अंगाबेताने कापलेली आहे. गावगाड्यातल्या महाराचे श्रम बाजारात विकले जात होते कोठे? ते वतनाला बांधलेले होते. सरकारी निरोप पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची; बदल्यात बलुते आणि शिळी भाकरी. त्याला मुंबईच्या गिरणीतला रोख पगार हीच सुटका वाटली. तीही अर्धीच. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकामाच्या खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. अशा माणसाचे स्वातंत्र्य बाजारापासूनच्या अंतरावर कसे मोजणार? बायकांच्या घरकामाच्या बाजूने स्त्रीवादी अभ्यासकांनी आक्षेप घेतले, तेव्हा लेखकाने १९९९च्या ग्रंथात कुटुंबाचा विचार आणला. अमेरिकेतही १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरगडी वगळले गेले होते. काळ्या मजुरांचा मोठा भाग त्यांच्यातच होता. त्याला नुसते 'उदारमतवादी' म्हणून भागत नाही.

महाराष्ट्राकडे पाहू. १९७२च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल सुरू झाला. काम मागणे हा हक्क ठरला. खडी फोडणाऱ्या बाईला पाटलाच्या मळ्यावर नाही म्हणायला आधार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तिने खोदलेल्या पाझर तलावाचे पाणी ज्याची जमीन त्याच्या विहिरीला गेले. भूमिहीनाच्या हाती मजुरीच राहिली. शेती राज्याचा उद्योग व्हावी आणि जमीन जातपात न पाहता कसायला मिळावी, ही 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधली १९४७ची मागणी बाजूला ठेवल्यावर दुसरे काय होणार?

आणखी एक उदाहरण. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नेमण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ठेकेदारीच्या दिवसांत कायम नोकरी म्हणजे घराला पोटाची हमी. ती सोडा असे त्या घराला सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. एस्पिंग-अँडरसन यांच्या कोष्टकात या नोकरीला बरे गुणही पडतील. पण शिकलेल्या मुलाने बापाचा झाडू नाकारला, तर राज्य त्याला त्याऐवजी काय देते, हा रकाना त्या कोष्टकात नाही.