बचावाचे साक्षीदार : 'मृत्युंजय' आणि त्याच्या वाचकांची बैठक

मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात वाचक अभावानेच भेटतो. आवृत्त्यांची संख्या दिली जाते, 'लोकप्रिय' हे विशेषण किंचित नाक मुरडून लावले जाते, आणि समीक्षक कादंबरीच्या रूपविचाराकडे वळतो. ज्यांनी ती कादंबरी वाचली, तीवर रात्र रात्र वाद घातले, तिच्यातील माणसांची नावे मुलामुलींना ठेवली, ते इतिहासाच्या बाहेरच राहतात. शिवाजी सावंत ह्यांची 'मृत्युंजय' (१९६७) ही कादंबरी ह्या उपेक्षेचे ठळक उदाहरण आहे. तिच्याविषयी जे छापले गेले त्याच्या कैक पटींनी अधिक बोलले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हे बोलणे आहे.

कोल्हापूर हे ह्या विषयाचे स्वाभाविक स्थळ ठरते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) ह्याच शहरातली. सावंत मूळचे आजऱ्याचे, आणि 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली तेव्हा कोल्हापुरात शिक्षक. 'राधेय' (१९७३) लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे. पंधरा वर्षांच्या आत एका जिल्ह्याने महाभारतावरील तीन कादंबऱ्या दिल्या आणि त्यांतील दोन कर्णावरच्या. त्याआधी, १९४४ मध्ये, कोल्हापूरच्याच भालजी पेंढारकरांनी 'महारथी कर्ण' हा बोलपट काढला होता. हा योगायोग मानून सोडून देणे सोपे आहे. पण कर्णाची कथा ह्या प्रदेशाला एवढी का लागली, ह्याचे उत्तर लेखकांच्या प्रतिभेपेक्षा श्रोत्यांच्या आणि वाचकांच्या घडणीत शोधावे लागेल.

ती घडण थोडक्यात अशी. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांना चालना दिली, १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे 'मृत्युंजय' बाजारात आली तेव्हा तिच्यासमोर खेड्यातून शिकायला आलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीचा एक मोठा वाचकवर्ग नुकताच उभा राहत होता. गुण आहे पण कुळ विचारले जाते, हा अनुभव ह्या वर्गाला पुस्तकातून शिकायचा नव्हता. रंगभूमीवर 'तुझे कुळ कोणते?' ह्या प्रश्नाने मान खाली घालणारा कर्ण त्याला ओळखीचा वाटला तर त्यात नवल नाही.

ह्या वाचकांची बैठक कशी असे, हे मी काही अंशी स्वतः पाहिले आहे. वसतिगृहाच्या खोलीत कादंबरीची एकच प्रत, तीही वाचनालयाची, कडा दुमडलेली. एक जण मोठ्याने वाचतो, चार जण ऐकतात. वाचणारा थांबतो, कारण कोणीतरी मध्येच 'थांब, हे चूक आहे' असे म्हणतो. मग वाचन तासभर बंद. इंद्राने कवचकुंडले मागितली तेव्हा कर्णाने द्यायला नको होती, असे एकाचे मत; दिली नसती तर तो कर्ण कसा, असे दुसऱ्याचे. तिसरा, जो गावाकडे आजीच्या मांडीवर हीच कथा ऐकून आलेला, तो दोघांनाही खोडून काढतो: 'आमच्यात तसं सांगत नाहीत.' पुढे हीच मंडळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून तोच वाद नव्याने घालीत.

ही पद्धत कुठून आली? चातुर्मासात देवळात किंवा घराच्या सोप्यात पोथी लावणे ही दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांची परिचित रीत. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' (१७१२) चौसष्ट अध्यायांचा. एक जण ओव्या वाचतो, तोच किंवा दुसरा अर्थ लावतो, आणि श्रोते हवे तिथे अडवतात. पोथीच्या ह्या वाचनात संहिता पूर्ण आणि बंद नसते. ती श्रोत्याच्या तोंडच्या आवृत्तीशी सतत ताडून पाहिली जाते. 'मृत्युंजय'चा वाचक एकांतात कादंबरी वाचणारा आधुनिक वाचक आहे हे गृहीतच मुळात तपासले पाहिजे. त्याने छापील कादंबरी हाती घेतली, परंतु वाचण्याची रीत पोथीची ठेवली.

येथे मराठी कादंबरीसमीक्षेतील एका महत्त्वाच्या मांडणीचा विचार करणे भाग आहे. भालचंद्र नेमाडे ह्यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) ह्या तीन कादंबऱ्यांपासून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या: वास्तवाला भिडणारी, अद्भुतरम्य रंजन करणारी आणि ऐतिहासिक. मांडणी नेमकी आहे आणि तिने पुष्कळ धुके दूर केले. पण 'मृत्युंजय' तिच्यात कुठे बसवायची? अद्भुत तिच्यात पानोपानी आहे, म्हणून तिला 'मुक्तामाला'च्या रांगेत ढकलता येईल. तसे केले की तिच्या वाचकाला स्वप्नरंजन करणारा ठरवून आपण मोकळे होतो. परंतु 'मुक्तामाला'चा वाचक पुढे काय झाले हे जाणण्यासाठी पाने उलटतो. कर्णाच्या वाचकाला पुढे काय होणार हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असते. त्याला हवे असते ते 'असे का झाले' आणि 'ते योग्य झाले का'. ही उत्सुकता पोथीच्या श्रोत्याची आहे, आणि ह्या तिन्ही प्रवृत्तींत तिला जागा नाही. कारण ह्या मांडणीचा आरंभच मुद्रित कादंबरीपासून होतो.

कादंबरीची रचना ह्या वादाला कशी आवाहन करते ते पाहू. नऊ भागांत सहा निवेदक बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. चार भाग एकट्या कर्णाचे. पात्रांना आळीपाळीने प्रथमपुरुषी बोलते करण्याची ही रीत खांडेकरांनी 'ययाति'त वापरली होती. तेथे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा परस्परांच्या निवेदनाला छेद देतात, आणि देवयानीचे म्हणणे वाचताना ययातीवरचा विश्वास डळमळतो. सावंतांनी निवेदकांची संख्या दुप्पट केली, पण छेद देणे जवळजवळ थांबवले. आई, पत्नी, भाऊ, मित्र ह्यांच्या निवेदनांचा रोख कर्णाच्या थोरवीकडेच आहे; शेवटी प्रत्यक्ष कृष्णही त्याच बाजूला येऊन उभा राहतो. कादंबरीला खटल्याचे रूप आहे आणि बोलावलेले साक्षीदार बचावाचे आहेत. द्रौपदीला साक्षीला बोलावलेले नाही. अर्जुनाला नाही, भीमाला नाही.

हा कादंबरीचा खरा दोष आहे, आणि तिच्या भाषेच्या अलंकारिकतेवर तुटून पडणाऱ्या टीकेने त्याकडे दुर्लक्ष केले असे माझे मत आहे. मात्र मौज अशी की हा दोष तिच्या वाचकांनी केव्हाच हेरला होता. बैठकीत फिर्यादी पक्ष आपोआप उभा राहतो. कर्णाची निंदा करणारा एक तरी सोबती प्रत्येक बैठकीत असतोच. नसला तर कोणीतरी ती भूमिका मुद्दाम घेतो. घोषयात्रेत गंधर्वांसमोर कर्ण पळाला ना? विराटनगरीच्या रणात एकट्या अर्जुनाने त्याला हरवले ना? कर्णभक्त चिडतात, उत्तरे शोधतात, वाचनालयात जाऊन महाभारताचे भाषांतर धुंडाळतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे. कादंबरीच्या कपाटापासून महाभारताच्या कपाटापर्यंतचे अंतर तेथे कोणत्या वादामुळे किती वाचकांनी ओलांडले असेल, ह्याची नोंद कोणत्याही देवघेव-वहीत असणार नाही.

पाठचिकित्सेचा एक मुद्दा येथे आणावासा वाटतो. द्रौपदीच्या स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असे म्हणून तिने कर्णाला अव्हेरले, हा प्रसंग कर्णप्रेमाचा पाया आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने (१९१९–१९६६) द्रौपदीचे हे वाक्य मूळ पाठात न घेता तळटीपेत ठेवले. १९६६ मध्ये पुण्यात हा महाप्रकल्प पूर्ण झाला आणि दुसऱ्याच वर्षी पुण्याहूनच 'मृत्युंजय' प्रकाशित झाली. इरावती कर्वे ह्यांचे 'युगान्त'ही त्याच १९६७ सालचे. एकाच महाभारताकडे जाण्याच्या ह्या तीन वाटा. प्रक्षिप्त ठरलेले वाक्य वाचकाच्या मनातून मात्र तसूभर हलले नाही. उलट दिशेनेही हेच घडते. व्यासांचा कर्ण उद्योगपर्वात कृष्णाला सांगतो की अधिरथाने माझे विवाह सूतकन्यांशी लावून दिले. त्या पत्नींची नावे तेथे येत नाहीत. कादंबरीच्या वाचकाला मात्र वृषाली कुंतीइतकीच खरी आहे. 'महाभारतात वृषाली नाही' असे सांगितले तर तो महाभारताचीच उणीव मानील.

पाश्चात्त्य समीक्षेत अशा वाचकसमुदायांचा विचार झालेला आहे. हेन्री जेन्किन्स ह्यांनी १९९२ साली मिशेल द सर्तो ह्यांची कल्पना उचलून, चाहते हे परक्याच्या रानात शिरून शिकार करणारे वाचक होत, असे म्हटले. टोल्कीनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे (१९५४–५५) वाचक हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते. १९६५ नंतर स्वस्त आवृत्त्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या हाती आल्या, १९६९ मध्ये इंग्लंडात टोल्कीन सोसायटी निघाली, आणि वंशावळी, नकाशे, काल्पनिक भाषांची व्याकरणे ह्यांवर चर्चा रंगू लागल्या. काळही नेमका आपल्या कर्णवाचकांचाच. तरी साम्य इथेच संपते. टोल्कीनचे रान टोल्कीनच्या मालकीचे आहे. वाद मिटला नाही तर वाचक त्याच्या पत्रांकडे, टिपणांकडे, १९७३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या मुलाने संपादिलेल्या हस्तलिखितांकडे जातो. कर्णाच्या रानाला मालक नाही. सावंतांविरुद्ध व्यासांकडे दाद मागता येते आणि व्यासांविरुद्ध आजीकडे. त्यामुळे 'शिकार' ही उपमा आपल्याकडे गैरलागू ठरते; गायरानात गुरे चारणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

पण ह्या वाचकांचे कौतुक करून थांबणे मला मान्य नाही. बैठकीचेही आंधळे कोपरे आहेत. कर्णाचे मोठेपण कशात, ह्या प्रश्नावर ती नेहमी दुभंगते. मराठीतील तीन शीर्षकांतच हा तंटा आहे: शिरवाडकरांचे नाटक 'कौंतेय' (१९५३), देसायांची कादंबरी 'राधेय', आणि ह्या दोहोंच्या मधली, आईचे नावच टाळणारी 'मृत्युंजय'. सावंतांचा कर्ण जन्मतःच तेजाचा आहे. कुंडले झळकतात, सूर्य त्याला ओढतो, भोवतालच्या सूतपुत्रांहून तो वेगळा आहे हे वाचकाला आरंभापासून दिसते. म्हणजे अन्याय होतो तो सूतावर नव्हे, चुकून सूत समजल्या गेलेल्या क्षत्रियावर. जन्माने माणूस ठरतो ह्या समजुतीला कादंबरी धक्का लावीत नाही. ती फक्त पत्ता दुरुस्त करते. उद्योगपर्वातील कर्ण ह्याहून धीट आहे. कुळ कळल्यावरही तो राधेने पाजलेल्या दुधाचे, अधिरथाच्या घराचे नाते सांगतो आणि राज्य नाकारतो. वसतिगृहातील पुष्कळ मुलांना कादंबरीतला तेजस्वी कर्ण हवा असे, आणि का हवा असे हे समजण्याजोगे आहे. दलित साहित्याने एकलव्य आणि शंबूक जवळ केले, कर्णाला तितकेसे नाही, ह्याचे कारणही येथेच असावे.

दुसरा कोपरा द्यूतसभेचा. सभापर्वात विकर्णाला गप्प करणारा, द्रौपदीला अत्यंत हीन शब्द वापरून तिची वस्त्रे काढून घ्यायला सांगणारा कर्णच आहे. मुलांच्या बैठकीत हा प्रसंग आला की आवाज खाली जात, 'तो रागाच्या भरात बोलला' असे काहीतरी पुटपुटले जाई आणि विषय रथाच्या चाकाकडे वळे. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात मी हीच कादंबरी चर्चेला घेतली. आधी कोणी हात वर करीना. अद्ययावत समीक्षाव्यूह शिकायला आलेल्या ह्या मुलांनी 'मृत्युंजय' आवडते हे लपवायचे असते, एवढे प्रवेश घेतल्यावर महिनाभरातच ओळखलेले होते. पदव्युत्तर शिक्षणाने दिलेल्या ह्या लाजेचा वाटेकरी मीही आहे. माझ्या व्याख्यानांतून मीच ती वाटली आहे. मग मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी बोलली. तिने सातवीत, घरातल्या मोठ्या बहिणीबरोबर, कादंबरी आळीपाळीने वाचली होती. तिचा प्रश्न एवढाच होता: सहा जण बोलतात, मग द्रौपदीला का बोलू दिले नाही?

कोणी उत्तर दिले नाही. पुढच्या तासाला एका मुलाने उद्योगपर्वाचे भाषांतर आणले. त्यात कर्ण कृष्णापाशी कबूल करतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना मी कठोर बोललो, त्याचा मला पश्चात्ताप होतो. मुलाला वाटले, बचाव मिळाला. विद्यार्थिनीने ते पान दोनदा वाचले आणि दाखवून दिले की ह्या पश्चात्तापात पांडवांचे नाव आहे, द्रौपदीचे नाही. त्यावर वर्गात जो वाद पेटला तो तास संपल्याची घंटा झाल्यावरही व्हरांड्यात चालू होता, आणि त्यात माझा शब्द कोणी विचारात घेत नव्हते.