न उरलेला ‘सिंहगड’

महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सिंहगड’ १९२३ साली पडद्यावर आला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्याचा आधार ह. ना. आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. पोराचं लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर जातो, हा घर आणि लढाईमधला पेच मराठी प्रेक्षकाला पोवाड्यांमुळे तोंडपाठ होता. संवादांवाचून सांगायला याहून सोयीचे कथानक सापडणे कठीण.

बाबूराव मुळात चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवण्यात हात मुरलेले. चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असण्याच्या त्या काळात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतः केली, तर शेलारमामा झाले तरुण व्ही. शांताराम. चित्रपटाची गर्दी पाहून सरकारला करमणूक कर सुचला, असे सांगतात. ही आख्यायिका इतकी उगाळली गेली आहे की चित्रपट कसा होता, हा प्रश्न मागेच पडतो.

त्याचे मोजमाप करायचे तरी कशावरून? बाबूराव स्वतः पोस्टर रंगवत, छायाचित्रांसह माहितीपुस्तिका काढत. अशा साहित्यावरून चौकट, वेशभूषा, नेपथ्य यांचा अंदाज बांधता येतो. चढाईची गती किंवा लग्नघरातून निघणाऱ्या तानाजीचा चेहरा त्यात सापडत नाही. उरलेली साक्ष बव्हंशी शिष्यांची आहे. दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी केली, आणि गुरूविषयी त्यांनी सांगितलेल्या आठवणींत भक्ती थोडी जास्तच आहे. ‘मुरलीवाला’ (१९२७) या बाबूरावांच्या मूकपटाचा काही भाग टिकला आहे खरा, पण कृष्णलीलेवरून युद्धपट जोखणे धाडसाचे ठरेल.

मुर्नाऊचा ‘डेर यानुसकोप्फ’ (१९२०) हा जर्मन मूकपटही हरवला आहे. मात्र जर्मनीत चित्रपटव्यवसायाची साप्ताहिके होती, परीक्षणांची परंपरा होती. मराठीत ती तेव्हा नुकती रांगत होती.

मूकपट नष्ट व्हायला नायट्रेटची फिल्म कारणीभूत झाली. ती चटकन पेट घेते, ठेवल्या जागी कुजते. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता येई. १९३१च्या ‘आलम आरा’ या बोलपटानंतर जुन्या प्रतींना गिऱ्हाईकच उरले नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, बाबूरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी.

शांतारामांनी १९३३ मध्ये हेच कथानक ‘प्रभात’साठी ‘सिंहगड’ नावानेच पुन्हा केले. त्यावरून मूळ चित्रपटाची कल्पना करण्याचा मोह होतो. पण बोलपटाला संवाद आणि गाणी हाताशी होती. बाबूरावांना ते सारे दृश्यातूनच उभे करावे लागले.