स्फूर्ती आणि कवीची पूर्वतयारी

काव्यस्फूर्ती वरून अकस्मात उतरते, कवीने केवळ लेखणी हाती धरायची, हा समज आपल्या मनात खोल रुजला आहे. त्याच समजापोटी कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेली कविता आपण हलकी मानतो. इंग्रज येशूसंघीय कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांचे उदाहरण याबाबत विचार करायला लावणारे आहे.

१८६८ साली संघात प्रवेश करताना हॉपकिन्स यांनी आपल्या कविता जाळल्या आणि वरिष्ठांच्या इच्छेवाचून पुन्हा लिहायचे नाही, असे ठरवले. डिसेंबर १८७५मध्ये ‘डॉइशलँड’ जहाज थेम्सच्या मुखाजवळ वाळूत रुतले. जर्मनीतील चर्चविरोधी कायद्यांमुळे देशोधडीला लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी त्यात मरण पावल्या. यावर कोणीतरी कविता लिहावी, असे वेल्समधील त्यांचे रेक्टर सहज बोलून गेले. तेवढ्या शब्दांवर सात वर्षांचे मौन सुटले आणि पस्तीस कडव्यांची दीर्घ कविता जन्मली.

मात्र ही सात वर्षे रिकामी नव्हती. ढग, झाडांची पाने, फुले यांचे बारीक निरीक्षण ते रोजनिशीत टिपत होते; वेल्श भाषा आणि तिच्या काव्यातील नादरचना शिकत होते. रेक्टरांच्या शब्दांनी ठिणगी टाकली, पण सरपण आधीच रचलेले होते.

आपल्या भाषेतही असाच दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हेही इंग्रज येशूसंघीयच. जुनी पुराणे सुटलेल्या साष्टीतील नवख्रिस्ती जनांना वाचनासाठी काही हवे होते. ती निकड ‘क्रिस्तपुराणा’च्या मुळाशी आहे. हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्यामागे मराठीचा अनेक वर्षांचा व्यासंग होता.

अर्थात, तयारी असली की स्फूर्ती येतेच, असे नाही. १८८९ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, हॉपकिन्स यांनी स्फूर्ती आटल्याची खंत एका सुनीतात मांडली. ते सुनीत मात्र कसदार उतरले. उणीव प्रामाणिकपणे न्याहाळणे हीदेखील एक तयारीच होय.

नाताळ अंकासाठी वा सणासाठी कविता मागितली गेली, तर आपल्या कवींनी संकोचू नये. मागणीने कविता उणी होत नाही. पाहणे, ऐकणे आणि भाषेचा अभ्यास थांबला, तरच ती उणी होते.