हिमशिखरांवरचे इलियड

नाव देणे ही वाटते तेवढी निरागस क्रिया नसते. आज आम्हांला एवढेच मांडायचे आहे.

अंटार्क्टिकात अँव्हर्स नावाचे बेट आहे. तिथे बर्फाने झाकलेल्या दोन पर्वतरांगा शेजारी उभ्या आहेत. एक अकियन, दुसरी ट्रोजन. इकडे अगॅमेम्नॉन, अकिलीस, नेस्टर. तिकडे हेक्टर, प्रायम. मधून सरकते ती इलियड हिमनदी. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी सर्वेक्षण केले, त्यानंतर ही नावे पडली.

होमरचे वाचन म्हणून पाहिले तर हे मार्मिक आहे. होमरने ट्रॉयवाल्यांना खलनायक केलेले नाही. म्हातारा प्रायम मुलाचे प्रेत मागायला येतो, तेव्हा मारणारा अकिलीसही रडतो. नकाशानेही दोन्ही पक्षांना मान दिला आणि मध्ये काव्य ठेवले. पण ते रडणे काही नकाशात उतरत नाही; उरते ती वीरांची यादी. शिवाय या भूमीवर ब्रिटन, अर्जेंटिना, चिली तिघेही हक्क सांगतात. १९५९ च्या कराराने हक्कांचा वाद गोठवला, नावे मात्र बोलतच राहतात.

आता कुणी म्हणेल, तिथे माणूसच नव्हता, मग बिघडले कुठे? आपल्या जिल्ह्यातली पवनी घ्या. तिथल्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला. टेकडीच्या नावात त्याचा मागमूसही नव्हता! इथे नावाने माणसांची आठवण झाकली. अंटार्क्टिकात झाकायला आठवण नव्हती, हे खरे. पण हेक्टर म्हटले की आपल्याला ट्रॉय दिसते, समोरचा डोंगर दिसत नाही.

आपण तरी वेगळे काय केले? आपले तिथले पहिले केंद्र 'दक्षिण गंगोत्री'. म्हणजे आपणही आपली गंगा घेऊनच गेलो. पुढे ते केंद्र बर्फाखाली गेले. १९८९ मध्ये दुसरे आले, 'मैत्री'. आमच्या मते हे नाव सरस. गंगोत्री म्हणते, 'हे आमच्यासारखे आहे.' मैत्री तसे काही म्हणत नाही. तिथे कसे वागायचे तेवढे सांगते. पतंजलींनी आणि बुद्धांनी मैत्रीला चित्ताची वृत्ती मानले, आणि वृत्तीचा सातबारा कुणाच्या नावावर होत नाही.

नाव ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. नावाशिवाय चालणार कसे? ठेवताना आपण काय झाकतो आहोत, एवढे मात्र विचारावे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.